माळवदावरून ऐकलेला सिनेमा

आमच्या घरात सिनेमा पाहिलेलं माणूस एकही नव्हतं, आणि तरीही एक सिनेमा आमच्या घरातल्या बायकांना तोंडपाठ होता. हे मी सांगितलं की माझी नातवंडं एकमेकांकडे बघून हसतात. आजीचं वय झालं, असं त्या हसण्यात असतं. वय झालंच आहे. काल काय जेवले ते आज आठवत नाही. पण त्या सिनेमातली कुठली सनई कुठल्या सारंगीनंतर येते ते विचारा, झोपेतून उठवून विचारा.

बोरीला तंबूतला सिनेमा यायचा तो खळी उठल्यावर. ज्वारी घरात येऊन पडलेली, माणसांना जरा उसंत, बैल गोठ्यात सुस्तावलेले. आमच्या घरामागे ओढा होता आणि ओढ्यापलीकडे माळ. त्या माळावर अमीनसाहेबांची, म्हणजे फौजदारांची, परवानगी घेऊन तंबू उभा राहिला, इंजिन धडधडायला लागलं आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकानाच्या गादीवरूनच फर्मान काढलं की आपल्या घरातलं कुणी तिकडं फिरकायचं नाही. आप्पांचं किराण्याचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही, असा माणूस. सिनेमा हा तमाशाचा थोरला भाऊ आहे, एवढी एकच माहिती त्यांना होती आणि तेवढी त्यांना पुरत होती. त्यांनी आमचे पाय बांधले. कान बांधायचे मात्र राहून गेले.

आमचं घर धाब्याचं. वर सपाट मातीचं माळवद, आणि उन्हाळ्यात ते माळवद म्हणजे बायकांचं राज्य. त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं, शांताक्काचं लग्न ठरलेलं होतं. स्थळ झरीचं. त्यामुळे कुरडया, पापड, शेवया यांना सुमार नव्हता. पहाटे गव्हाचा चीक शिजायचा, त्याचा आंबूस वास सगळ्या घरात भरायचा, आणि आम्ही पोरी गरम चीक तिखटमीठ घालून वाटीतून चाटत बसायचो. दिवसभर माळवदावर कुरडया वाळायच्या. दिवेलागणीला त्या गोळा करायला वर जायचं आणि नेमका त्याच वेळेला माळावर खेळ सुरू व्हायचा. आता कुरडया गोळा करायला किती वेळ लागतो? आमच्या घरात तेव्हा एक आख्खा सिनेमा होईपर्यंत लागायचा. खालून आप्पांनी विचारलं की काय चाललंय, तर माय सांगायची, “कुरडया काढायलोत.” खोटं काही नव्हतं. एकेक कुरडई आम्ही अगदी सावकाश काढत होतो.

या सगळ्याची म्होरकी माझी काकू, गिरजाकाकू. माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. तिचा आवाज असा होता की ती जात्यावर ओवी म्हणायला लागली की समोरची बाई घाईघाईनं स्वतःच म्हणायला लागायची. पण कान! शेजारच्या घरात भाकरी थापायला घेतली की नुसत्या आवाजावरून काकू सांगायची, हिचं पीठ विरी गेलंय, भाकर मोडणार. आणि थोड्या वेळानं शेजारीण आमच्याकडं पीठ मागायला यायची. असा कान परमेश्वरानं बोरीत चूल फुंकायला का धाडला, हे त्यालाच ठाऊक.

तंबूतून येणारं बोलणं वाऱ्यावर विरून जायचं, आणि जे यायचं ते उर्दू. उर्दू आमच्या घरात सरकारी कागदापुरती. पण वाजवणं मात्र ओढा ओलांडून स्वच्छ यायचं. गाणी यायचीच, पण गाण्यांच्या मधे, माणसं बोलत असताना, काही न बोलता नुसती चालत असताना, मागे जे वाजत राहायचं ते आम्हाला गाण्यांहून जास्त कळायचं. त्या वाजवण्यावरून आम्ही सिनेमाची गोष्ट लावली. ढोल जोरात वाजले तर मायच्या मते सासू सुनेला घराबाहेर काढत होती. पुन्हा ढोल वाजले तर सासू पुन्हा बाहेर काढत होती. मायच्या सासूला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण मायचा हिशेब अजून मिटला नव्हता. अक्काला सगळीकडे लग्नच ऐकू यायचं. शेजारणी यायला लागल्या तशा गोष्टी वाढल्या. एकीच्या मते मधे नदीला पूर येत होता, दुसरीच्या मते रझाकार नव्हे पण दरोडेखोर तरी नक्की येत होते. भांडणं व्हायची. निकाल काकू द्यायची.

काकूनं एक गोष्ट पहिल्या दोन दिवसांतच ओळखली होती. ती म्हणाली, “हे वाजवणारे जे कुणी हायती ना, त्यांला सगळं आधी ठाऊक असतंय. रडं यायच्या आधी ह्यांची सारंगी रडती.” सिनेमाचं संगीत करणारा एक माणूस असतो, त्याला संगीतकार म्हणतात, हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. काकूनं तो माणूस कानानं शोधून काढला. त्याचं नाव पुढे कळलं तरी तिनं ते कधी घेतलं नाही. नवऱ्याचं नाव घेत नाहीत तशी ती शेवटपर्यंत ‘वाजवणारे’च म्हणायची. काका तंबाखू मळत सगळं ऐकायचे. काकूचा मान म्हणून मीही इथे त्या वाजवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. त्यांची कीर्ती माझ्या लिहिण्यावाचून अडलेली नाही. ते गेले तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आला होता. मी मनात त्यांना मठाच्या स्वामींसारखं भरदार, दाढीवालं धरून चालले होते. निघाले काडीसारखे, जाड भिंगाचा चष्मा, आणि कुणीतरी पेटीचे पैसे बुडवल्यासारखा चेहरा. मी तो फोटो फार वेळ बघत बसले. या हडकुळ्या माणसानं आमच्या माळवदावर बायका रडवल्या होत्या, आणि त्याला ते कधी कळलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

त्या सिनेमात शब्द नसलेली एक चाल होती. ती दोनदा यायची. पहिल्यांदा लवकर, हलत्या ठेक्यावर, मागे ढोलकी अगदी हळू. दुसऱ्यांदा शेवटाकडे, ठेका नाही, नुसती सारंगी, आणि तीसुद्धा मधेच दम घेतल्यासारखी थांबणारी. काकूनं निकाल दिला की पहिली ती मुलीची पाठवणी आणि दुसरी ती सासरी बसून माहेर आठवते तेव्हाची. एकदा निकाल लागल्यावर मग काय! चाल सुरू झाली की अक्काकडे बघून माय पदर डोळ्याला लावायची, मायकडे बघून अक्का, आणि त्या दोघींकडे बघून आख्खं माळवद. खाली आप्पांच्या अंगावर माती गळायला लागली तेव्हा शंका आली की वर इतकी कुरडई कशी असेल.

मग एके दिवशी तंबू उठला, पुढच्या गावाला गेला. चाल मात्र राहिली. चीक घोटताना तिच्याच ठेक्यावर हात फिरायचा. म्हशीची धार त्याच ठेक्यावर. आप्पा गूळ तोलता तोलता नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायचे, ते स्तोत्र आहे असं त्यांना वाटत असे. आम्ही त्यांचा समज मोडला नाही.

लग्नासाठी बँड परभणीचा सांगितला. बँडमास्तर उस्मानभाई ओसरीवर येऊन बसले तेव्हा काकू आतल्या दारामागून बोलली की पाठवणीला अमुक चाल पाहिजे, आणि ती चाल गुणगुणून दाखवली. तिच्या त्या आवाजातून चाल ओळखणं हे उस्मानभाईंचं खरं कसब. ते म्हणाले, “हौ बाई, आती ना हमना. बहोत जगा बजाते.” आणि मग जरा थांबून विचारलं, “बिदाई को बजाना बोलते?” काकू म्हणाली, पाठवणीलाच. उस्मानभाईंनी मान डोलावली आणि चहा संपवला. गिऱ्हाईकानं सांगितलेलं वाजवायचं, का ते विचारायचं नाही, असा त्यांच्या धंद्याचा नेम होता. तो नेम त्यांनी त्या दिवशी मोडला असता तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.

लग्न छान लागलं. बुंदी चांगली पडली होती, वरणाला तूप कमी पडलं नाही, झरीची मंडळी आग्रहाला हटली नाही. ऊन कलल्यावर पाठवणीची तयारी झाली. दमणीला बैल जुंपले, आत गादी घातली. अक्का सगळ्यांच्या पाया पडून निघाली आणि काकूनं उस्मानभाईंना खूण केली. क्लॅरिनेटवर चाल सुरू झाली, मागे ढोलावर हलकी थाप. आम्ही इतके दिवस सराव केलेला. पहिल्या सुरालाच आमच्याकडच्या सगळ्या बायका एकदम रडल्या.

वरमाय दमणीच्या दांडीला धरून उभी होती. ठेंगणी, ताठ बाई. तिचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, “थांबवा हे.”

बँड थांबला. काय झालं ते कुणालाच कळेना. वरमाय अक्काकडे न बघता बोलली, “माझ्या सासूबाईला नेताना हीच चाल वाजली व्हती. हाच बँड. आता ह्या पोरीच्या पावलावर तीच वाजवायलाव?”

आमच्यात माणूस गेलं की त्याला विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, बसवतात. आडवं नाही, बसवून. फुलं, विभूती, पुढे भजन आणि ऐपत असेल तर बँड. माणूस शिवाकडे निघालं, मग रडत कशाला न्यायचं, असा त्यामागचा विचार. त्यामुळे आमच्यात लग्नालाही बँड आणि मयतालाही बँड, आणि बँड तोच. झरीच्या म्हातारीची शेवटची मिरवणूक चार-सहा महिन्यांपूर्वी याच उस्मानभाईंनी वाजवली होती.

वरमाय म्हणाली, पोरगी आज राहू द्या इथंच. पुढं बघू. तिचा आवाज चढलेला नव्हता. पुढं बघू म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. दमणीच्या चाकाशी पोहोचलेली नवरी परत उंबऱ्याच्या आत आली तर तिला पुन्हा कोण नेतं? आणि नेलंच तरी सासरी गाय आटली, पोर तापलं, विहिरीचं पाणी खाली गेलं, की हिचंच नाव. अक्का हिरव्या शालूत तशीच उभी होती. ती रडायची थांबली होती. तिला रडताना मी पुष्कळ पाहिलं होतं, ते तसं उभं राहिलेलं मला बघवेना.

आप्पांनी स्वामींकडे धाव घेतली. लग्न लावायला आलेले मठाचे स्वामी अजून पानाला चुना लावत होते. ते पुढे आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले की आपल्या धर्मात मेलेल्याचंही सूतक नाही, मग चालीला सूतक कुठून येणार? निकाल शास्त्राला धरून होता. आप्पांच्या जिवात जीव आला. वरमायनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “सूतक न्हाई हे मला ठाव हाय, स्वामी. लोकांच्या तोंडाला न्हाई का सूतक?” यावर शास्त्रात काही नसावं. स्वामींनी पान तोंडात घातलं.

मग सगळे उस्मानभाईंवर घसरले. ते बिचारे क्लॅरिनेट छातीशी धरून म्हणाले की मी काय मनानं वाजवतो का? ही सिनेमाची चाल आहे. सिनेमात म्हातारी आई मरते तेव्हा वाजते. झरीला मयताच्या वेळी ती वाजवायला खुद्द सावकारांनी सांगितली होती. सावकार म्हणजे अक्काचे सासरे. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. झरीचं घर आमच्याहून कडक. तिथे सिनेमाचं नाव काढायचीसुद्धा चोरी.

वरमायनं विचारलं, “तुमी कवा बघितला सिनेमा?”

सासरे म्हणाले, परभणीला मोंढ्यात, धान्यबाजारात, कामाला गेलो होतो, वाटेत तंबू होता, उभ्या उभ्या जरा डोकावलो. शेवटचं जरासं दिसलं. इथे त्यांच्या थोरल्या जावयाला गप्प राहवलं नाही. तो म्हणाला, मामा, ती चाल म्हातारी मरताना नाही, मेल्यावर पोरगा घरी येतो तेव्हा आहे. त्याची बायको तिथेच होती. तिनं नुसतं त्याच्याकडे बघितलं. जावई म्हणाला, मीपण शेवटचंच जरासं. तेवढ्यात वराचा चुलता, बेलाच्या पानाशिवाय पाणी न पिणारा माणूस, म्हणाला की पोरगा आल्यावर नाही, पोरगा दारात उभा राहतो तिथूनच सुरू होते. वाद पेटला. दारात की आत? दिवा विझायच्या आधी की नंतर? झरीची जाणती, विभूतीच्या पट्ट्यांची सगळी मंडळी मोंढ्याच्या कामाला जाऊन शेवटचं जरासं बघून आलेली होती. एकाच तंबूत बसून एकमेकांना कुणी दिसलं नव्हतं, किंवा दिसलं असेल तर त्यांनी ते पोटात ठेवलं होतं. आमच्या आप्पांची अवस्था मोठी चमत्कारिक झाली. इतक्या सोवळ्या घरात मुलगी दिली म्हणून ते वर्षभर गावात मिरवले होते.

आणि मग काकू दारामागून पुढे आली. पाव्हण्या पुरुषांसमोर ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली असेल. पदर सावरून ती म्हणाली, “चाल दोनदा हाय. शेवटची ती मरणाची. मग पहिली कशाची?”

वाद तिथंच विझला. कारण पहिली चाल सिनेमाच्या सुरुवातीला होती. ती कुठं वाजते हे सांगायचं म्हणजे आपण उभ्या उभ्या डोकावलो नव्हतो, जाजमावर मांडी ठोकून आरंभापासून बसलो होतो हे कबूल करायचं. जावयानं आभाळाकडे पाहिलं. चुलत्यानं उपरणं झटकलं. सासरे चाकाच्या धावेत काहीतरी शोधू लागले. ज्यांना ठाऊक होतं ते बोलेनात, आणि माझी बहीण चाकाशी उभी.

बोलला तो नवरा मुलगा. सकाळपासून त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आमच्या बाजूच्या बायकांनी तो मुका तर नाही ना अशी चौकशीसुद्धा केली होती. बाशिंगाच्या झालरी बाजूला करून तो बापासमोर म्हणाला, “पाळण्याची हाय. ती माय लेकराला निजवती तवा वाजती. मी सुरवातीपासून बघितला. लय बारी बघितला.”

त्याला दरदरून घाम फुटला होता. पण तो अक्काकडे बघून बोलला, आणि अक्कानं त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून त्याला पाहिलं.

काकूला एवढंच हवं होतं. ती उस्मानभाईंना म्हणाली, दोन्ही वाजवा. आधी झरीला वाजवलीत तशी. त्यांनी वाजवली. ढोल नाही, ठेका नाही, सूर लांबत जाणारे. वरमायनं डोळे मिटले. मग काकू म्हणाली, आता मघाची. ढोलावर हलकी थाप पडायला लागली आणि तीच चाल पाळण्यासारखी हलली. एका शेजारणीच्या कडेवरचं पोर किरकिरत होतं, ते ऐकता ऐकता निजलं असं काकू पुढे सांगायची. मला काही तसं आठवत नाही, पण काकूला कोण खोटं पाडणार? ठेका आहे तो पाळणा, ठेका नाही ते मरण. आज वाजला तो पाळणा. मायनं लगेच हळदीकुंकवाचा करंडा पुढे केला. नवरीच्या पावलावर पाळणा वाजला, याहून चांगला शकुन कुठला?

पुढे पुष्कळ वर्षांनी मी तो सिनेमा टीव्हीवर पाहिला. पाहिला म्हणजे सुरुवातीला जरा पाहिला. सासूनं सुनेला कुठेच बाहेर काढलेलं नव्हतं, नदी नव्हती, दरोडेखोर नव्हते. घराची पुठ्ठ्याची भिंत हलत होती आणि आईचं काम करणारी बाई पाळण्याकडे न बघता दिव्याकडे बघत होती. मी डोळे मिटून घेतले, तेव्हा सिनेमा चांगला झाला. त्या माणसानं जन्माला आणि मरणाला एकच चाल दिली आणि मधली ढोलकी तेवढी काढून घेतली. एवढंच केलं. एवढं करायला काय लागत असेल हे मला अजून सांगता येत नाही.

त्या दिवशी वरमायनं डोळे उघडले. मग तिनं अक्काचा हात धरला, स्वतः तिला दमणीत चढवलं, शेजारी बसली आणि उस्मानभाईंना म्हणाली, “वाजवा. पहिली वाजवा, येशीपस्तोर.” बँड सुरू झाला. सासरे पुढे गाडीवानाजवळ बसायला निघाले होते. वरमायनं त्यांना हाक मारली. आम्ही पोरी चाकापाशीच होतो, म्हणून ऐकू आलं.

“ती पाळण्याची हाय म्हून तुमी आईला वाजवायला सांगितली व्हती ना?”

सासरे थांबले. त्यांनी होय अशी मान हलवली. आईच्या विमानापुढे तो माणूस रडला नव्हता, गावात त्याचं नाव झालं होतं तेवढ्यापायी. आता भर रस्त्यात, व्याह्यांसमोर, उपरण्यात तोंड घालून तो रडला.

ती म्हणाली, “म्हंजे तुमीबी सुरवातीपासूनच बघितला.”

त्यांनी पुन्हा मान हलवली.

“मग मला कामून न्हाई नेलं?”

दमणी निघाली. सासरे चाकाबरोबर चालत होते, एक हात दांडीवर ठेवून, आणि काहीतरी सांगत होते. बँड इतका जवळ होता की त्यातलं आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. वरमायला येत असावं, कारण ती खाली वाकली होती.